बंद का पडले, ते आधी शोध

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



निमंत्रणाच्या पत्रात विषय दिला होता : 'बालपणीच्या जिज्ञासेपासून संगणक क्षेत्रातील कारकिर्दीपर्यंत'. तो वाचून मला संकोच वाटला. कारकीर्द हा शब्द मोठ्या माणसांना शोभतो. मी पुण्यात पगारावर काम करणारा एक साधा प्रोग्रामर आहे. तसे मी कळविलेही. त्यावर आपल्या सचिवसाहेबांचे उत्तर आले की, मोठ्या माणसांची चरित्रे मुले पुस्तकांत वाचतातच, याच गावच्या बोळातून बाहेर पडलेल्या माणसाने चार शब्द सांगितले तर ते त्यांना अधिक जवळचे वाटतील. म्हणून मी आलो आहे. जे पाहिले आणि जे सोसले तेवढेच सांगणार आहे.

माझा जन्म १९७१ चा. त्या वेळचे उस्मानाबाद, म्हणजे आजचे आपले धाराशिव. माझे वडील घड्याळे दुरुस्त करीत. दुकान म्हणजे एक लाकडी खोके, त्यात एक टेबल, वर बल्ब आणि काचेची एक टोपी. उघडलेल्या घड्याळाचे भाग वाऱ्याने उडू नयेत म्हणून ते त्या टोपीखाली ठेवीत. डोळ्याला भिंग लावून आणि हातात चिमटा घेऊन अब्बा तासन् तास बसत. शाळा सुटली की मी त्यांच्या शेजारी जाऊन बसे. मला सारखे एकच वाटे, ह्या एवढ्याशा डबीत असे काय आहे की ती रात्रंदिवस चालते?

नऊ वर्षांचा असताना मी एक पराक्रम केला. अब्बा नमाजाला गेले होते. एका मास्तरांचे गजराचे घड्याळ दुरुस्तीला आले होते. मी ते उघडले. चावी दिलेली स्प्रिंग आधी मोकळी करावी लागते हे मला कोठे ठाऊक! स्क्रू सैल होताच ती सापासारखी उसळली, माझे बोट कापले आणि दोन चाके कोठे गेली ती आजतागायत सापडलेली नाहीत.

आता मार मिळणार, ह्या भीतीने मी टेबलाखाली बसून राहिलो. अब्बा आले. त्यांनी आधी माझे बोट बांधले, मग मास्तरांना खरे ते सांगितले आणि सोलापूरहून सामान मागवून घड्याळ स्वखर्चाने करून दिले. दुसऱ्या दिवशी मोडक्या सामानाच्या डब्यातून एक मेलेले घड्याळ काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "हे चालू झाले नाही तरी चालेल. पण बंद का पडले, ते आधी शोध. ते सांगितल्याशिवाय दुसरे घड्याळ मिळणार नाही."

मला बावीस दिवस लागले. एका चाकाचा एक दात झिजलेला होता. त्या बावीस दिवसांत अब्बांनी मला तीन गोष्टी शिकविल्या. पहिली, उघडण्यापूर्वी कान लाव; घड्याळ कोठे अडखळते ते ऐक. दुसरी, जो स्क्रू ज्या क्रमाने काढशील त्याच क्रमाने पांढऱ्या कागदावर मांड. तिसरी, एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास तर कशामुळे चालू झाले ते कधीच कळणार नाही.

मित्रहो, पुढे मी कित्येक पुस्तके वाचली, कितीतरी प्रशिक्षणवर्ग केले. परंतु प्रोग्राममधील चूक शोधण्याची याहून चांगली रीत मला कोणी शिकविली नाही. आजही मी तेच तीन नियम पाळतो.

अब्बा शिकलेले नव्हते. गणित शिकविले ते माझ्या थोरल्या बहिणीने. समीकरण म्हणजे तराजू, असे ती सांगे. एका पारड्यातून जेवढे काढशील तेवढेच दुसऱ्यातूनही काढ, दांडी सरळ राहिली पाहिजे. खरे सांगतो, आमच्या घरातले सर्वांत तल्लख डोके आपाचे होते. दहावीला तिला गणितात माझ्यापेक्षा अधिक गुण होते. पण दहावीनंतर तिचे शिक्षण थांबले. कॉलेज दूर होते, लोक काय म्हणतील ही भीती होती, आणि मुलीने आणखी शिकून करायचे काय, असा विचार होता. घरात कोणी वाईट नव्हते. त्या निर्णयाला विरोध करणारेही कोणी नव्हते. मीही नव्हतो. मी तेव्हा लहान होतो, अशी समजूत मी बरीच वर्षे घालून घेतली. ही गोष्ट आज या व्यासपीठावरून मुद्दाम सांगतो, कारण समोर अनेक मुलींचे वडील बसलेले आहेत.

माझी दहावी १९८७ साली झाली. तोवर बाजारात क्वार्ट्झ घड्याळे आली होती. त्यांना चावी नको, तेल नको. सेल बदलला की झाले. बंद पडले तर लोक नवे घेत. अब्बांच्या टेबलावरची काचेची टोपी दिवसदिवस रिकामी राहू लागली. घरी पैशाची ओढ होती. मामूजानचे सोलापूरला गॅरेज होते. ते म्हणाले, "पोराला माझ्याकडे पाठवा, सहा महिन्यांत हाताला पैसा लागेल." अब्बा दोन दिवस काहीच बोलले नाहीत. बोलली ती आपा. ती म्हणाली, "अब्बा, घड्याळांचे काम संपत आले असे तुम्हीच म्हणता. मग ह्याच्या हातात पुन्हा पान्हेच का देता? नवे काय आले आहे, ते तरी ह्याला शिकू द्या."

जिचे स्वतःचे शिक्षण थांबविले गेले होते, तिने माझे थांबू दिले नाही. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला गेलो.

तेथे पहिले वर्ष फार जड गेले. घरी आम्ही दखनी बोलत असू, शाळा मराठीतून झालेली, आणि येथे सारे इंग्रजीतून. पहिल्या परीक्षेत मी दोन विषयांत नापास झालो. तेव्हा मी एक वही केली. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये मराठी अर्थ आणि उजवीकडे घरच्या भाषेत त्याची समजूत. कपॅसिटर म्हणजे काय? तर मोरीवरची टाकी : भरून घेते आणि लागेल तेव्हा सोडते. अशा तीन वह्या भरल्या आणि इंग्रजीची भीती गेली. मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकल्यामुळे आपण मागे पडतो, असे अनेकांना वाटते. माझा अनुभव असा की, विषय आपल्या भाषेत नीट समजलेला असेल तर इंग्रजी शब्द नंतर शिकता येतात. न समजता पाठ केलेले इंग्रजी मात्र कोठेच उपयोगी पडत नाही.

संगणक प्रथम पाहिला तो तेथेच. खोलीबाहेर चपला काढून, पाय पुसून आत जावे लागे. आठवड्यातून अर्धा तास, आणि एका यंत्रावर आम्ही तिघे. मी पहिला प्रोग्राम लिहिला तो परीक्षेचा निकाल लावण्याचा. प्रोग्राम म्हणजे काय, हे पालकांसाठी थोडक्यात सांगतो. संगणकाला स्वतःची अक्कल नसते. त्याला पायरीपायरीने सूचना लिहून द्याव्या लागतात, आणि तो त्या अक्षरशः पाळतो. मी लिहिले : गुण ३५ पेक्षा जास्त असतील तर पास, नाहीतर नापास. सर्व ठीक दिसत होते. सरांनी एका विद्यार्थ्याचे गुण नेमके ३५ घातले. यंत्राने त्याला नापास केले! 'पस्तीस किंवा त्याहून जास्त' असे मी लिहावयास हवे होते. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या एका शब्दाने एका मुलाचे वर्ष गेले असते." हे वाक्य मी विसरलो नाही. आज बँकेतले पैसे, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनच्या नोंदी, सारे अशाच सूचनांवर चालते. त्या लिहिणाऱ्याच्या मनात ३५ गुणांच्या मुलाची आठवण असली पाहिजे.

आमच्या विषयाची जननी असलेल्या गणिताबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुमारे १२०० वर्षांपूर्वी बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझ्मी नावाचे गणिती होऊन गेले. आपल्या भारतातील अंकपद्धतीवर त्यांनी ग्रंथ लिहिला. पुढे तो लॅटिन भाषेत गेला, आणि त्यांच्या नावाच्या लॅटिन उच्चारापासूनच 'अल्गोरिदम' हा शब्द निघाला. पायरीपायरीने उत्तर काढण्याच्या रीतीला आज जगभर हेच नाव आहे. त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र' ह्या शब्दापासून 'अल्जिब्रा' आला. जब्र म्हणजे मोडलेले पुन्हा जोडणे. हाड बसविण्यालाही हाच शब्द होता. ज्या घरात रोज काहीतरी मोडलेले जोडले जाते, त्या घरातल्या मुलाने बीजगणिताला परके का मानावे?

पदविका घेऊन मी रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला गेलो आणि संगणक दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. ते १९९१ साल होते. त्या काळी फ्लॉपीवरून एका यंत्रातला मजकूर दुसऱ्यात नेत, आणि तिच्याबरोबर व्हायरसही जाई. १९९२ साली 'मायकेलअँजेलो' नावाच्या व्हायरसने साऱ्या जगाला घोर लावला होता. तो ६ मार्च ही तारीख उजाडली की यंत्रातील माहिती पुसून टाकी. यंत्र धडधाकट, एकही तार तुटलेली नाही, आणि तरी काम बंद! येथे पान्हा आणि सोल्डरिंगची कांडी काय करणार? बिघाड आता तारेत राहिला नव्हता, तो सूचनांमध्ये शिरला होता. तेव्हा मी ठरविले की, प्रोग्राम लिहिणे नीट शिकावयाचे. दिवसा नोकरी आणि रात्री क्लास, असे तीन वर्षे केले.

त्याच पुण्यात, त्याच वर्षांत आणखी दोन भाऊ ह्याच प्रश्नाशी झगडत होते. त्यांची हकीकत प्रसिद्ध आहे, परंतु आपल्या मुलांना ती ठाऊक असावी म्हणून सांगतो. कैलास काटकर आणि संजय काटकर. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पुण्यात सामान्य कामगाराच्या घरात वाढलेले. थोरल्या कैलासरावांनी दहावीनंतर शिक्षण सोडले आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. पुढे १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचे छोटे दुरुस्तीचे दुकान काढले. कॅल्क्युलेटरचे दिवस फार राहिलेले नाहीत आणि आता संगणक येणार, हे त्यांनी वेळेवर ओळखले. स्वतः ते यंत्र शिकले, आणि धाकट्या भावाला संगणकशास्त्राचे शिक्षण घ्यावयास लावले. संजयरावांनी पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात ते घेतले. थोरल्या भावाकडे दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांतले व्हायरस काढण्यासाठी धाकट्याने प्रोग्राम लिहिले. त्यांतूनच १९९५ साली 'क्विक हील' हे व्हायरसविरोधी सॉफ्टवेअर बाजारात आले. दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली ही कंपनी फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली.

योगायोग पाहा. वैयक्तिक संगणकावर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो तो 'ब्रेन'. तोही १९८६ साली दोन भावांनीच, लाहोरच्या अल्वी बंधूंनी, लिहिला होता. आपल्या सॉफ्टवेअरची कोणी चोरून नक्कल करू नये एवढाच हेतू होता, असे ते सांगत. पण लिहिलेली गोष्ट हातातून सुटली आणि जगभर गेली. बुद्धी दोन्हीकडे होती. म्हणून मुलांनो, काही लिहिण्यापूर्वी, हे माझ्या हातातून सुटले तर कोठवर जाईल, याचाही विचार करा.

काटकर बंधूंची गोष्ट सांगितली की काही पालक लगेच म्हणतात, "पाहा, दहावीनंतर शाळा सोडूनही माणूस मोठा होतो." माझी हात जोडून विनंती आहे, ही गोष्ट अर्धी ऐकू नका. ज्याने शाळा सोडली, त्याने भावाला मात्र शिकविले. थोरल्याच्या हातातला हुन्नर आणि धाकट्याचे पुस्तकी ज्ञान एकत्र आले, तेव्हा ते उत्पादन उभे राहिले. नुसता हुन्नर असता तर कॅल्क्युलेटरबरोबर दुकानही बंद झाले असते, जसे माझ्या अब्बांचे झाले. अब्बांचा हात कोणाहून कमी नव्हता. यंत्र बदलले तेव्हा नवे यंत्र समजावून सांगणारे पुस्तक मात्र घरात कोणाला वाचता येत नव्हते.

१९९८-९९ मध्ये मला जे काम मिळाले त्याची अब्बांना फार गंमत वाटली. जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचविण्यासाठी सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. १९९९ संपून ०० आले की यंत्र ते १९०० समजणार, अशी भीती होती. बँका, विमा, कारखाने यांचे जुने प्रोग्राम ओळीओळीने तपासावे लागले. त्या कामाने भारतातील हजारो प्रोग्रामरांना संधी दिली, त्यांतला मी एक. सुटीत घरी आल्यावर मी अब्बांना हे समजावले. ते म्हणाले, "म्हणजे साऱ्या दुनियेची घड्याळे बिघडली म्हण की! मग आपलाच धंदा आहे हा." नंतर थोडे थांबून त्यांनी विचारले, "एका वेळी एकच गोष्ट बदलतोस ना?"

आता वर्तमानाकडे येतो. २०१८ साली केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेल्या, 'आकांक्षित' म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांची यादी केली. तीत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते : नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि आपला. ही खंत करीत बसण्याची गोष्ट नव्हे. पण आपल्या मुलाला आणि पुण्या-मुंबईच्या मुलाला सुरुवातीची रेघ एकच मिळत नाही, एवढे त्यावरून समजावे. तेवढे अंतर घरातून भरून काढावे लागते. म्हणून पालकांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, मोबाईल वापरता येणे म्हणजे संगणक येणे नव्हे. घड्याळ हातात बांधणे वेगळे आणि ते उघडून पाहणे वेगळे. मूल मोबाईलवर खेळत असेल तर त्याला विचारा, हा खेळ कोणी तरी लिहिला असेल ना? तसा छोटासा खेळ तू लिहून दाखव. त्यासाठी 'स्क्रॅच'सारखी फुकट साधने मिळतात. थोडे मोठे झाल्यावर 'पायथन' भाषा आहे, तीही फुकट आहे.

दुसरी, मुलाने काही उघडून बिघडविले तर आधी त्याचे बोट बांधा. विजेच्या वस्तूंपासून त्याला जपा, पण मोडका रेडिओ, जुने घड्याळ, बंद पडलेले खेळणे त्याच्या स्वाधीन करा. चालू करून दाखव म्हणू नका. बंद का पडले, ते विचारा.

तिसरी, दहावी ही शेवटची पायरी समजू नका. हाताला काम देणारे शिक्षणही पुढे नेता येते. आय.टी.आय. झालेल्या मुलाला पदविकेच्या, आणि पदविका झालेल्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची सोय आहे. आपल्या बाजारपेठेत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत किती तरी हुशार मुले बसलेली आहेत. त्यांचे काम हलके समजू नका. फक्त त्यांना विचारा, पुढचे यंत्र येईल तेव्हा तू काय करशील?

चौथी गोष्ट मुलींची. तिच्याबद्दल मी वेगळे काही सांगत नाही. आपाने चाळिशी उलटल्यावर आमच्या भाचीबरोबर बसून एम.एस.सी.आय.टी. केले आणि ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. आज मोहल्ल्यातील मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तीच भरून देते. लोक कौतुक करतात. मला मात्र वाटते, पंचवीस वर्षे उशीर झाला. ते ऋण माझ्यावर आहे, आणि ते एका भाषणाने फिटणारे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता यंत्रेच प्रोग्राम लिहू लागली आहेत, मग आम्ही शिकून काय करायचे, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. माझ्या कचेरीतही आम्ही ती साधने वापरतो. ती भराभर लिहून देतात, आणि कधी कधी ठामपणे चुकीचे लिहून देतात. नेमके ३५ गुण मिळालेला मुलगा त्यांच्याही हातून नापास होऊ शकतो. तो पकडावयास कोणी तरी गणित जाणणारा, कान लावून ऐकणारा माणूस लागतोच. क्वार्ट्झने घड्याळजीचे काम नेले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून काम बदलणारच नाही असे खोटे आश्वासन मी देत नाही. पण बिघाड शोधण्याची सवय लागलेल्या माणसाला नवे काम शिकता येते.

अब्बांचे दुकान आता नाही. त्यांचे भिंग आणि काचेची टोपी माझ्या टेबलावर संगणकाशेजारी असते. प्रोग्राम अडला आणि मी घाईने चार ठिकाणी बदल करू लागलो, की नजर तिच्याकडे जाते. मग मी हात मागे घेतो आणि पहिल्यापासून वाचू लागतो.

सभेनंतर मी शाळेच्या व्हरांड्यात थांबणार आहे. ज्या मुलामुलींना काही विचारावयाचे असेल, त्यांनी संकोच न करता यावे. एखादी बिघडलेली वस्तू बरोबर आणलीत तर आणखी चांगले.